मेव्हण्याच्या गाडीचं डोकं

दुसऱ्याची गाय सांभाळावी, दुसऱ्याचं पोर सांभाळावं, वेळ आली तर दुसऱ्याचा भाडेकरूसुद्धा सांभाळावा. पण मेव्हण्याची गाडी सांभाळू नये. गाईला आपण काय खाऊ घातलं हे ती मालकाला सांगायला जात नाही. गाडी पहिल्या किल्लीलाच सगळं ओकते.

हे शहाणपण मला दोन हजार सालच्या जानेवारीत आलं. त्याआधी चौदा महिने ती गाडी बारामतीत माझ्या दारात उभी होती. गाडी अविराजची. अविराज म्हणजे माझ्या बायकोचा, अनिताचा, धाकटा भाऊ. सिंगापूरला जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर. सुट्टीवर येताना त्यानं लाल रंगाची, बुटकी, दोनच दारांची स्पोर्ट्‌स गाडी आणली आणि सोबत पिशवीभर कस्टमचे कागद. इंदापूरला सासऱ्यांच्या मळ्यात जाणारी वाट अशी, की तिथं बैलगाडीचाही आस मोडतो. गाडीचं पोट पहिल्याच दिवशी बांधावर टेकलं. टोमॅटो तोडणाऱ्या सात बायकांनी ती उचलून बाहेर काढली. तेवढ्यात कंपनीनं अविराजला परत बोलावलं. मग गाडी कुठं ठेवायची? दाजींकडं. दाजी म्हणजे मी. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, घरासमोर डांबरी रस्ता, पत्र्याची शेड, आणि सासरी 'विश्वासाचा माणूस' अशी ख्याती. ही ख्याती मला कशामुळं मिळाली माहीत नाही. बहुतेक मी पंगतीत काही मागून घेत नाही, म्हणून असावी.

किल्ली देताना अविराज म्हणाला, "दाजी, आठवड्यातनं एकदा फिरवा. बाकी हात लावायचा न्हाय. कंपनीतनं आली तशीच ऱ्हायली पायजे."

मी काही बोलायच्या आत अनिता म्हणाली, "अवी, तू निर्धास्त जा. गाडीला काय झालं तर मी माहेराचा उंबरा चढायची न्हाय."

बायका शपथ घेऊन मोकळ्या होतात, पाळायची असते नवऱ्यानं.

दर रविवारी मी अनिताला घेऊन त्या गाडीनं इंदापूरला जाऊ लागलो. पहिला उसाचा हंगाम कसाबसा निघाला, पावसाळा बरा गेला. मग साखर कारखाने पुन्हा सुरू झाले. आमच्याकडं उसाचा हंगाम लागला की रस्ता हा रस्ता राहत नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, मागं ना दिवा ना लाल कागद, आणि ट्रॅक्टरवाल्यानं टेप इतका मोठा लावलेला की आपला हॉर्न आपल्यालाच ऐकू येतो. माझी गाडी जमिनीला लागून. मला पुढं दिसायचा तो फक्त ऊस. तासाला पंधरा किलोमीटरच्या वेगानं मी उसाचा अभ्यास करत इंदापूरला पोचायचो.

आणि मागून यायचे सोपानराव. सोपानराव हे माझे साडू, पळसदेवचे. उजनी धरणाच्या मासळीचा धंदा, बारामतीच्या बाजारात रोजची फेरी आणि एक खिळखिळी जीप. ते हॉर्न वाजवत मला आणि दोन्ही ट्रॉल्यांना एका दमात मागं टाकायचे. जीपमधल्या मासळीच्या बर्फाचं पाणी माझ्या काचेवर शिंतडायचं. मी सासऱ्यांच्या ओट्यावर पाय ठेवीपर्यंत त्यांचा दुसरा चहा झालेला असायचा.

"काय साडूभाऊ," ते सगळ्यांदेखत विचारायचे, "तांबडी गाडी ट्रालीला दाव्यानं बांधून आणली का काय?"

सासरे मोहनराव, त्यांना सगळे तात्या म्हणतात, मिशीतल्या मिशीत हसायचे. जावयाच्या तोंडावर हसायचं नाही म्हणून बिचारे मान वळवून हसायचे, पण खांदे हलायचेच की.

"गाडीत दम नाही," परतताना मी अनिताला सांगितलं. "दिसायला स्पोर्ट्‌स आहे, पण खालचं मॉडेल आहे."

"गाडीत दम हाय. तुमच्या पायात न्हाय," अनिता म्हणाली. "जरा दाबा की!"

नवऱ्याच्या पायाबद्दल असं बोलणाऱ्या बाईशी काय चर्चा करायची? मी चर्चा शेजारच्या दादासाहेबांशी केली. दादासाहेब निवृत्त तलाठी. निवृत्त झाल्यापासून रोज तीन वर्तमानपत्रं वाचतात आणि त्यातलं एकही स्वतःचं नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हिला कॉम्प्युटर हाय का?"

"आहे म्हणतात. इंजिनाचा."

"मग आटोपलं! एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता जगातले झाडून सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. पेपरात आलंय. मेव्हणा येईल तवा गाडी म्हंजी कोंबड्यांचं खुराडं."

मग त्यांनीच उपाय सांगितला. पुण्यात एक माणूस गाड्यांच्या कॉम्प्युटरमधला चकतीएवढा तुकडा बदलून देतो. त्यानं तारखेचा दोष जातो का ते त्यांना नक्की ठाऊक नव्हतं, पण ताकद मात्र वाढते म्हणे.

आता खरं सांगतो, इथं खोटं बोलून उपयोग नाही. मी स्वतःला महिनाभर बजावत होतो की आपण हे अविराजच्या भल्यासाठी करतोय. पण डोळ्यांसमोर यायची ती सोपानरावांची जीप, माझ्या आरशात लहान लहान होत जाणारी.

डिसेंबरात मी किरकोळ रजा टाकली, अनिताला पुण्याला मंडळ कार्यालयात बैठक आहे असं सांगितलं आणि गाडी घेऊन निघालो. पुण्याच्या त्या माणसानं डाव्या बाजूच्या पायाखालची सतरंजी उचकटून एक पत्र्याची डबी बाहेर काढली.

"साहेब, हेच इंजिन वरच्या मॉडेललाही आहे," तो म्हणाला. "लोखंड तेच, पिस्टन तेच. फरक या डबीत. पेट्रोल इतकंच द्यायचं, ठिणगी अमुक वेळेलाच टाकायची, असं कंपनीनं आत लिहून ठेवलंय. आपण नवीन लिहायचं."

"म्हणजे कर्मचारी तेच, फक्त शासन निर्णय नवा?"

"अगदी तसंच."

हे मला लगेच पटलं. नव्या शासन निर्णयानं आमच्या खात्यात आजवर कुणाचंही काम वाढलेलं नाही, हे मात्र त्या क्षणी आठवलं नाही. मी विचारलं, "आणि दोन हजार सालाचं काय?" तो म्हणाला, "या डबीला तारीख कळतच नाही हो." म्हणजे मी ज्या कारणासाठी आलो होतो ते कारणच संपलं. पण रजा तर मंजूर झाली होती!

त्यानं डबीतली दोन्ही बाजूंना पाय असलेली काळी चिप खाचेतून उपटली आणि तसलीच दुसरी बसवली. जुनी एका छोट्या डब्यात घालून माझ्या हातात दिली. "जपा. परत पहिल्यासारखी करायची तर हीच लागेल. आणि जोरात पळवून एकदम पाय काढू नका, मागून बार निघतो."

नीरेपर्यंत मी जीव मुठीत धरून आलो. गाडी बदलली होती, खोटं का बोला. नुसता पाय टेकवला की पाठीत कुणीतरी लाथ घालावी तसा धक्का बसायचा. माळेगावच्या अलीकडं समोर एक दुहेरी ट्रॉली आली. मी श्रीरामाचं नाव घेतलं आणि दाबला पाय. ट्रॉल्या गेल्या! आयुष्यात पहिल्यांदा मी ट्रॅक्टरवाल्याचं तोंड पाहिलं. पण पुढं उसाची बैलगाडी होती, म्हणून मी घाबरून एकदम पाय काढला.

धाड!

बंदुकीचा बार बरा असा आवाज. बैल उधळले, बैलगाडी चारीत कलंडली, ऊस रस्त्यावर. बैलांना आणि गाडीवानाला काही झालं नाही हे देवाचे उपकार. पण गाडीवान माझ्या अंगावर धावून आला, माणसं जमली, आणि चौकीवरून हवालदार आला.

"आवाज कुठनं आला?" त्यानं वही काढली.

"मागून," मी म्हणालो.

"मागं कोन हुतं?"

"कुणी नाही. गाडीच्या मागून. नळकांड्यातून."

त्यानं बराच विचार केला. टायर फुटला म्हणावं तर चारही टायर शाबूत. स्फोट लिहावं तर वर तार करावी लागेल. शेवटी त्यानं 'बैल आपोआप बुजले' असं लिहिलं आणि मला ऊस गोळा करायला लावला. मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहत होतो, तेव्हा शेजारी एक जीप थांबली. मासळीचा वास आला. मी वर पाहिलंच नाही.

"साडूभाऊ," सोपानराव म्हणाले, "पाटबंधारे सोडलं का काय?"

मी त्यांना बाजूला घेऊन हात जोडले. इंदापूरला बोलू नका म्हणालो. ते म्हणाले, "छ्या, मी कशाला बोलतोय?" साडूच्या पोटात गोष्ट म्हणजे चाळणीत पाणी. त्या दिवसापासून माझी झोप उडाली, आणि रविवारी मी मुकाट पुन्हा ट्रॉलीमागंच पंधरानं जाऊ लागलो. फोन वाजला की मला वाटायचं, झालं, तात्या.

जुनी चिप घरी ठेवण्यात अर्थ नव्हता. अनिता दर शनिवारी घरातला कोपरान्‌कोपरा झाडते. मी ती कचेरीत नेऊन बंद झालेल्या प्रकरणांच्या कपाटात ठेवली. सरकारी कचेरीत ठेवलेली वस्तू कुणालाच सापडत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव.

एकतीस डिसेंबर आला आणि गेला. जगातलं काही बंद पडलं नाही. एक तारखेच्या सकाळी दादासाहेब जरा उदास दिसले. गाडी मात्र दोन तारखेला खोकायला लागली. थंडी होती, धुकं होतं, आणि ती तीनच सिलिंडरवर चालावी तशी थडथडत होती. पुण्याला जायला रजा नव्हती. दादासाहेब म्हणाले, "गेणबाला दाखवा."

गेणबा आमच्या पेठेच्या टोकाला विहिरीच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार आणायची, त्यानं तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. पंचक्रोशीत त्याच्या हाताला गुण आहे असं म्हणतात.

"गेणबा, ही विहिरीची मोटार नाही," मी म्हणालो.

"मोटार म्हंजी मोटार, सायेब. करंट त्योच की!" त्यानं डबी उघडून हुंगली. "हितं वल धरली हाय. ऱ्हाऊ द्या माझ्याकडं दिवसभर."

दुसऱ्या दिवशी गाडी लख्ख सुरू झाली. मी गेणबाला मनापासून शाबासकी दिली. त्यानं नेमकं काय केलं हे मी विचारलं नाही, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक.

पाच तारखेला सिंगापूरहून फोन आला. अनितानं घेतला. "अगं बाई! संक्रांतीला? बारा तारखेला?" ती आनंदानं ओरडत होती आणि मी कॅलेंडरावर दिवस मोजत होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "गाडी कशी हाय म्हणून विचारत हुता. मी म्हणलं, नवरीसारखी ठेवलीय ह्यांनी."

सात दिवस. जुनी चिप परत बसवायची आणि तोंड मिटून बसायचं, एवढंच तर काम होतं. कचेरीत गेलो तर कपाट रिकामं! तपासणी येणार म्हणून बंद प्रकरणं गाठोडी बांधून अभिलेख कक्षात गेलेली. तिथं मुक्ताबाई. बाईंनी आपल्या नोकरीत एक टाचणीसुद्धा सहीशिवाय बाहेर सोडलेली नाही.

"अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "कुठल्या प्रकरणातली वस्तू, कशाला पायजे, सगळं लिवा."

मी अर्ज लिहिला. अर्ज आवक होऊन अभिप्रायासाठी ज्या टेबलावर आला ते टेबल माझंच. मी माझ्या अर्जावर 'मागणी रास्त दिसते' असा अभिप्राय दिला. मुक्ताबाईंनी तो परत पाठवला, 'दिसते' चालणार नाही, 'आहे' लिहा म्हणून. मी 'आहे' लिहिलं. मग उपअभियंत्यांची सही हवी, आणि साहेब कालव्याला पाणी सोडायच्या आवर्तनासाठी फिरतीवर. दोन दिवस मी त्यांच्या मागं कालव्याच्या कडेनं सायकल मारली. अकरा तारखेला दुपारी सही झाली. छोटा डबा हातात पडला तेव्हा मला मुक्ताबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

तसाच गेणबाकडं गेलो. त्यानं गाडीतली पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं, आणि मी आत डोकावलो. आत सगळं पिवळं, चकचकीत, गूळ ओतल्यासारखं घट्ट. त्या गुळात चिप पाय दुमडून बसलेली.

"हे काय आहे?"

"वार्निश," गेणबा छाती फुगवून म्हणाला. "मोटार भरली की वार्निशमदी बुडवायची अन् उनात वाळवायची, बापजाद्याचा नेम हाय. मी दोन हात दिलं. आता जल्मात वल शिरायची न्हाय."

"गेणबा, ही चिप काढायची आहे रे!"

"काढायची?" त्याचा चेहरा उतरला. "सायेब, पंचवीस वर्सांत माझं वार्निश कुनी उकललं न्हाय." तरी बिचाऱ्यानं चिमटा लावला, पेचकस लावला, फुंकणीनं ऊब दिली. शेवटी म्हणाला, "छिन्नी घालू का?"

मी नको म्हणालो. डबी होती तशी बसवली आणि घरी आलो. त्या रात्री अनितानं तिळाचे लाडू वळले, आणि मी पडल्या पडल्या तिच्या उंबऱ्याच्या शपथेचा विचार करत राहिलो. सांगून टाकावं असं दोनदा तोंडावर आलं. दोन्ही वेळा तिनं लाडूच तोंडात घातला.

बारा तारखेला अविराज आला. त्याला घ्यायला तात्या आदल्या एस.टी.नंच आले होते. चहा झाला, गाडीभोवती फेरी झाली, अविराजनं टपावरून हात फिरवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "दाजी, मानलं तुमाला."

निघालो इंदापूरला. अविराज चालवायला, शेजारी तात्या, मागं मी आणि अनिता. त्या गाडीत मागच्या माणसाला दार नसतं. गुडघे हनुवटीला लावून मी देवाचा धावा करत होतो. लासुर्ण्याच्या पुढं ट्रॉल्या लागल्या, एकामागं एक तीन ट्रॅक्टर. अविराज शांतपणे मागं राहिला. परदेशात माणूस शिस्त शिकतो. मी देवाचा धावा थांबवला.

पण तात्यांना दम कुठला! "आरं घाल की फुडं. म्हशीमागं चालल्यागत काय चाललाईस?"

"तात्या, ह्या गाडीला तेवढी..." असं म्हणत अविराजनं पाय दाबला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तात्यांची टोपी माझ्या मांडीवर आली, एवढं आठवतं. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, सगळी रांग मागं पडली, आणि अविराजनं दचकून पाय काढला.

धाड!

त्यानं गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. हळूच मागं वळला.

"दाजी?"

एवढंच म्हणाला. आणि मी सगळं सांगून टाकलं. पुणे, चिप, बैल, मोळ्या, गेणबा, वार्निश. एकदा सुरू झालो तो थांबेचना. माझ्याच अर्जावर मी दिलेला अभिप्रायसुद्धा सांगितला. शेजारी अनिता एकेक बांगडी मागं सारत होती.

"सोपानराव मागत हुते गाडी," अविराज म्हणाला. "त्यास्नी दिली न्हाय. म्हणलं, दाजींकडं इस्वासानं ठेवू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू आलं असतं, पण डोळे पुसायला हात वर काढायची सोय नव्हती.

"ज्याला ट्रालीच्या फुडं जाता येत न्हाय," तो पुढं म्हणाला, "त्यानं कशाला इंजिनाला हात..."

"अवी, बास!"

ही अनिता. मी लग्नाच्या चौदा वर्षांत तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

"एक शब्द बोलू नगंस त्यांना. चौदा म्हयनं ही तुझी पेटी माझ्या दारात हाय. रोज सकाळी हे ती पुसतात, सवताची सायकल चिखलात ठेवून. पावसात शेडवर कागद बांधताना पाय मुरगाळला, पंधरा दिवस लंगडत कचेरीत गेले. तुला कळवलं का कुणी? अन् तू? चौदा म्हयन्यांत फोन आले किती, तर सहा. सहाच्या सहा येळंला 'गाडी कशी हाय'. ताई कशी हाय म्हणून इचारलंस एकदा तरी?"

मागं टाकलेले ट्रॅक्टर टेप वाजवत एकेक करून आम्हाला ओलांडून गेले. अविराज स्टिअरिंगकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

तात्यांनी माझ्याकडून टोपी घेतली, झटकली, डोक्यावर बसवली. "आव्या, ट्राल्या मागं पडल्या का न्हाय?"

"पडल्या."

"मंग? काम झालंय की. जावईबापू, तेवढा आवाज मातर कमी करून घ्या. जनावरं बुजत्यात."

अविराज खाली उतरला, पुढची सीट वाकवली आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. किल्ली माझ्या हातात ठेवली. "दाजी, तुमी चालवा." मग बहिणीकडं न बघता मागं जाऊन तिच्या शेजारी बसला. थोड्या वेळानं मागून त्याचा आवाज आला, "ताई, बरी हाईस न्हवं?" आणि अनिताच्या रडण्याचा. मी आरशात पाहिलं नाही. मला मेव्हण्याचा फार मोठा आधार वाटला आणि बायकोचा त्याहून मोठा. पुढं ट्रॉली होती. मी तिच्या मागं पंधराच्या वेगानं चाललो, आणि कुणीही मला पुढं घाल म्हणालं नाही.

मळ्याच्या तोंडाशी गाडी थांबवली. सासूबाई, बनाबाई, भाकरतुकडा घेऊन वाटेवरच उभ्या होत्या. उतरताना अनितानं पदर सारखा केला, माझ्या जवळ सरकली आणि हसऱ्या चेहऱ्यानं, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "भावापुढं बोलले ते भावापुढं. मला काय काय खोटं सांगितलंत, ते आपन घरी गेल्यावर बघू."

आणि आईच्या गळ्यात जाऊन पडली. दरवर्षी संक्रांतीला मी एकच मुक्काम करतो, जावयानं सासरी फार राहू नये म्हणून. त्या खेपेला रजेचा अर्ज तारेनं पाठवला आणि आठ दिवस राहिलो.